ऋजूच्या नावाचा थेंब

"पाचशे बारा!" डॉक्टर देवस्थळी म्हणाल्या आणि पडद्यावरची नजर काढून त्यांनी माझ्या भावजयीकडे पाहिलं. "बाकीच्या एकोणचाळीस मुलांत कुणाचंही एलडीएल तीनशेच्या वर नाही. गोळ्या रोज देता ना?"

चंदनाने मान हलवली. खरं तर ती ‘हो’ म्हणत होती, पण डॉक्टरांसमोर तिची मान अशी काही हलते की समोरच्याला उगाच संशय यावा.

"आणि खाणं?"

"पथ्याचंच देते, मॅडम."

"घरात लोणी असतं?"

चंदना गप्प झाली. शेजारी बसलेला माझा भाऊ अजित खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळला. त्यांची नऊ वर्षांची ऋजुता बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. मी नळ्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आकडा एवढा का फुगला याचा अंदाज त्या खोलीत फक्त मलाच येण्यासारखा होता.

मी त्रिशला मगदूम. सांगलीच्या रक्तमेद संशोधन केंद्रात एकोणीस वर्षं मी रक्त गोळा करण्याचं काम करत होते. गावोगावी शिबिरं घ्यायची, घराण्यांच्या वंशवेली काढायच्या, ज्यांच्यात माणसं अवेळी गेली आहेत त्या घरांत शिरून उरलेल्यांची बोटं टोचायची. तोंडाने मी फटकळ. डॉक्टरसुद्धा मला जरा बिचकूनच असत. आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती, हेही आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आजार समजायला अवघड नाही. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे, शरीराला ते लागतंच. रक्तातून ते एलडीएल नावाच्या बारीक गोळ्यांमध्ये भरून फिरतं आणि काम झालं की यकृत ते परत आत ओढून घेतं. त्यासाठी यकृताच्या पेशींना जणू दारं असतात. ही दारं कशी बनवायची याचा नकाशा आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असा दोनदा मिळतो. एक नकाशा चुकीचा असला तर निम्मीच दारं धड बनतात. गोळे रक्तातच फिरत राहतात, धमन्यांना आतून लिंपत जातात, आणि एखाद्या दिवशी चांगला हिंडताफिरता माणूस चाळिशीतच कोसळतो. अशा माणसाचं केंद्राचं कार्ड पिवळं. दोन्ही नकाशे चुकले असतील तर दारंच नसतात, आणि कार्ड लाल. लाल मूल तीन-चार लाखांत एखादं, आणि औषधोपचार जमले नाहीत तर अशी बरीचशी मुलं विशीसुद्धा बघत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका डोसाचं इंजेक्शन चाचणीसाठी आलं. शरीरात एक प्रथिन असतं, त्याचं काम ही दारं मोडीत काढणं. त्या प्रथिनाच्या जनुकातलं एकच अक्षर बदललं की ते कायमचं बंद पडतं. मग असलेली निम्मी दारं दुप्पट टिकतात आणि पिवळ्या मुलाचं रक्त जन्मभरासाठी चारचौघांसारखं होतं. हे औषध यकृतापर्यंत नेतो एक आतून रिकामा केलेला, निरुपद्रवी विषाणू. फक्त एक अडचण आहे. शरीर या वाहकाला ओळखून ठेवतं आणि दुसऱ्यांदा आला की यकृतापर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे माणशी एकच संधी. चाळीस जागा होत्या, त्यातली एक माझ्या भाचीला मिळाली होती आणि तिचं इंजेक्शन गुरुवारी होतं. आज सोमवार होता.

बाहेर आल्या आल्या अजितने चंदनाला जिन्याशी गाठलं.

"बोल की आता. आत का गप बसलीस? वाढदिवसाला थालीपिठावर लोणी कुणी घातलं?"

"एकदाच घातलं हो. चमचाभर."

"चमचाभरानं पाचशे होतंय व्हय? रोज घालत असणार तू. पोरगी रडली की तुला दम निघत नाही."

"आईशप्पथ, रोज न्हाई घालत." तिने माझ्याकडे पाहिलं. "अक्का, तुम्ही तरी सांगा. एवढ्यानं होतंय का?"

नाही होत. लोण्याने आकडा दहा-वीस हलेल, दुप्पट होणार नाही, हे मला पाठ होतं. आणि मी म्हणाले, "बघू. गुरुवारनंतर सगळं ठीक होईल." एवढं बोलून मी ट्रे घेऊन सरळ चालायला लागले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

आता मी काय केलं होतं ते सांगते.

चार महिन्यांपूर्वी जयसिंगपूरला, आमच्याच गावात, शिबिर होतं. चाचणीची नावनोंदणी त्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. ऋजूला सुईची भयंकर भीती. बोट धरलं की किंचाळायची. शिबिरात मुलं घाबरली की आम्हा रक्त घेणाऱ्या बायकांची एक रीत आहे. आधी स्वतःचं बोट टोचून दाखवायचं, ‘बघ, मला काही झालं का?’ असं म्हणायचं, की मूल हात पुढे करतं. मी तेच केलं. घाईत खाली ऋजूच्या नावाचं कार्ड होतं आणि माझ्या बोटाचा थेंब तिच्या नावाच्या गोलात पडला.

ऋजूने तो लाल ठिपका पाहिला आणि ती सभागृहातून जी धावत सुटली ती थेट नांदणी रोडपर्यंत. अजित तिच्यामागे. पाचला दहा कमी. नमुन्यांची पेटी बंद करायला माणूस येऊन उभा. एका कार्डावर दुसऱ्याचं रक्त म्हणजे ते कार्ड फाडायचं, हा पहिला नियम, मीच नव्या मुलींना शिकवलेला.

पण मी हिशेब मांडला. ऋजूच्या कोपरांवर आणि टाचांवर पिवळट गाठी होत्या, म्हणजे आजार आहे हे उघड दिसत होतं. अजित पिवळा, मी पिवळी, आमच्या दोघांच्या नकाशात चूक एकाच जागी. मग पोरीत निराळं काय निघणार? माझा थेंब काय आणि तिचा थेंब काय, घर एकच. शिवाय केंद्रात फक्त त्या एका जनुकाचा तुकडा वाचतात. बाकीचं काही वाचायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे थेंब नऊ वर्षांच्या पोरीचा की एकोणपन्नास वर्षांच्या आत्याचा हे यंत्राला कळायचं कारण नव्हतं. मी कार्ड पेटीत टाकलं. वाईट हेतूने नाही, प्रेमाने टाकलं. माझ्या भाचीची जागा जाऊ नये म्हणून.

सोमवारी दुपारी मला जेवण गेलं नाही. तीन वेळा डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या वेळी आत गेले आणि उगाच फायली लावत विचारलं, "मॅडम, पिवळ्या मुलाचं पाचशे होऊ शकतं का हो?"

"गोळ्या बंद असतील तरी अवघड आहे," त्या म्हणाल्या. "कार्ड समोर नसतं तर मी ही मुलगी लाल आहे असंच म्हणाले असते. नवव्या वर्षी गाठीसुद्धा लाल मुलांनाच येतात, पिवळ्यांना तिशीत. पण कार्ड स्वच्छ पिवळं आहे."

गाठींचं हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं या कामात काढली, पण रक्त घेणं वेगळं आणि वैद्यक वेगळं, हे मी कधीच विसरून गेले होते.

"आणि चुकून लाल मुलाला आपलं इंजेक्शन दिलं तर?"

"काही होणार नाही. तेच वाईट. जिथे दारंच नाहीत तिथे दारं मोडणाऱ्याला थांबवून काय उपयोग? लाल मुलांसाठी पुण्यात वेगळी चाचणी चालू आहे, नव्या दाराचा अख्खा नकाशाच पोचवतात. पण वाहक तोच. इथे एकदा वापरला की पुण्याची वाट कायमची बंद." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून तर कार्डाला इतकं जपायचं. बरं, ही कार्डं तुझ्या हातची आहेत, त्यामुळे मला काळजी नाही."

मी ‘हो’ म्हणाले आणि बाहेर येऊन वंशवेलीचं कपाट उघडलं.

मगदूम घराण्याची वेल मीच काढली होती. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार कुठून आला त्याची रेघ मी आमच्या दादांपासून, म्हणजे वडिलांपासून, ओढली होती, कारण दादा चव्वेचाळिसाव्या वर्षी तंबाखूच्या वखारीत छातीला हात लावून गेले. त्यांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, तेव्हा तपासण्याच नव्हत्या. तरी मगदुमांचं दुखणं म्हणजे मगदुमांचं, असं सगळा गाव म्हणायचा आणि मीही तेच कागदावर उतरवलं. चंदनाचं वर्तुळ कोरं होतं. सुना बाहेरून येतात, त्यांचं रक्त आपल्या घराण्याच्या तपासात कशाला, असं आम्ही सगळ्याच घरांत करत होतो. हल्ली लग्न जुळवताना पत्रिकेआधी कार्ड मागतात. पण चंदनाचं लग्न झालं तेव्हा कार्डं नव्हती, आणि असती तरी तिला कुणी मागितलं नसतं. कारण चंदना बाहेरची नव्हतीच. ती आमच्या मामाची मुलगी.

आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत आहे. आईचाच आग्रह होता, भावाची लेक घरात यावी म्हणून. मामा तेहतिसाव्या वर्षी शिरोळच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला. तो पडला म्हणून गेला, की छातीत कळ येऊन गेला म्हणून पडला, हे कधी कुणी विचारलं नाही. आई अठ्ठावन्नाव्या वर्षी दुपारी झोपली ती उठलीच नाही. लोक म्हणाले, सुखाचं मरण. मी त्या वेलीकडे बघत उभी राहिले. आईच्या वर्तुळापासून एक रेघ खाली अजितकडे येत होती, एक वर मामाकडे जाऊन तिथून खाली चंदनाकडे. दोन्ही रेघा ऋजूशी येऊन मिळत होत्या. शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. मला दिसलं नव्हतं, कारण त्या बाईच्या नावासमोर मी ‘सून’ असं लिहून मोकळी झाले होते.

मंगळवारी सकाळी शिबिराची गाडी घेऊन मी जयसिंगपूरला गेले. ऋजू स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. ताटात कोरडी भाकरी आणि उकडलेला दोडका.

"आत्ती, तू काय आणलंस?" तिने विचारलं.

"काही नाही गं."

"मला भूक लागलीय. आई दूधपण देत नाही."

"गुरुवारपर्यंत," चंदना म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "त्या मॅडमनी पुन्हा तपासलं आणि आकडा उतरला नसंल, तर हे मला घरात ठेवणार न्हाईत. तेलाचा थेंब दिला न्हाई मी कालपासनं."

मी म्हणाले, "नवा नियम आलाय. आईचंही रक्त लागतं. दोघींचं घेते." आणखी एक खोटं. चंदनाने निमूटपणे बोट पुढे केलं. आणि ऋजूनेही केलं. मधल्या चार महिन्यांत इतक्या सुया झाल्या होत्या की तिची भीती मोडली होती. तिने डोळे मिटले, एवढंच.

गाडीतल्या वाचनयंत्राला दीड तास लागतो. तो दीड तास मी गाडीभोवती चकरा मारत होते. आत बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. समोरच्या दुकानदाराने चहा पाठवला, तो तसाच निवला. साडेअकराला पडद्यावर दोन ओळी आल्या. चंदना पिवळी. ऋजुता लाल.

मी गाडीचं दार लावून घेतलं आणि आत बसून रडले. मग तोंड धुतलं आणि लगेच सुटकेचा रस्ता शोधायला लागले. माणूस असाच असतो, निदान मी तशी आहे.

रस्ता होताही. केंद्रात ‘यंत्रदोष’ नावाचा एक फॉर्म असतो. पहिल्या वाचनात यंत्राची चूक झाली असावी, फेरतपासणीत मुलगी लाल निघाली, असं लिहायचं. ऋजूचं इंजेक्शन थांबलं असतं, पुण्याला नाव गेलं असतं, चंदनावरचा आळ गेला असता आणि माझं नाव कुठेच आलं नसतं. यंत्राला कुठे तोंड असतं! बुधवारी सकाळी मी तो फॉर्म उघडून भरायलाही घेतला.

शेवटच्या रकान्यात एक वाक्य आपोआप उमटलं. यंत्रदोषाची नोंद झाल्यास त्या यंत्रावर वाचलेली सर्व कार्डं चौकशी पूर्ण होईपर्यंत रद्द समजली जातील. सर्व, म्हणजे चाळीस. चौकशीला सहा महिने तरी जाणार, आणि इंजेक्शनच्या बाटल्यांची मुदत दोन महिन्यांत संपत होती. त्यातली प्रत्येक पोरगी आणि पोरगा माझ्या ओळखीचा होता. कवठेमहांकाळचा तो तोतरा बोलणारा सुजय, बाप आणि काका एकाच वर्षी गेलेला. आष्ट्याच्या जुळ्या बहिणी. माझ्या एका खोट्यापायी एकोणचाळीस मुलांची संधी गेली असती.

तरी मी वीस मिनिटं फॉर्म पाठवायच्या बटणाकडे बघत बसले. हे लपवत नाही. वीस मिनिटांनी फॉर्म पुसला, अजितला फोन लावला आणि म्हणाले, "चंदनाला घेऊन आत्ताच्या आत्ता ये. ऋजूलाही आण. आणि येताना तिला पोटभर खाऊ घाल."

दुपारी दोनला डॉक्टर देवस्थळींच्या खोलीत, अजित आणि चंदनासमोर, मी उभ्यानेच सगळं सांगितलं. थेंब, कार्ड, पेटी, कालचं खोटं, फॉर्म सुद्धा. बसायला सांगितलं होतं, पण बसवेना. वंशवेल टेबलावर पसरून मी आईपासून दोन्ही रेघा काढून दाखवल्या.

डॉक्टर म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊला मी ती सुई माझ्या हाताने दिली असती, त्रिशला."

"हो, मॅडम."

"तू आत्ता सांगितलंस म्हणून मी तुझे आभार मानावेत असं वाटतं का तुला?"

"नाही."

"ओळखपत्र ठेव इथे."

मी गळ्यातून काढून ठेवलं. पट्टा केसात अडकला, तो ओढून सोडवला.

अजित उठला. मारतो की काय असं वाटलं. तो मला म्हणाला, "तू आमच्या घरात पाय ठेवायचा न्हाई. मेलीस तू मला." आणि खोलीबाहेर गेला. तो रागावणार हे धरूनच मी आले होते.

चंदना मात्र तशीच बसून होती. तिला सगळं कळलं की नाही, असं मला वाटलं. मग तिने विचारलं, "मग लोण्याचं काय?"

"लोण्याचं काही नाही," मी म्हणाले. "तुझी काहीच चूक नव्हती."

"हे तुम्हाला सोमवारी म्हाईत होतं?"

"शंका होती."

"मी जिन्यात तुम्हाला विचारलं होतं, अक्का." तिचा आवाज चढला नाही, हेच सहन होत नव्हतं. "पोरगी दोन दिस भूक भूक करत होती. मी तिला चापट मारली काल रात्री, दूध मागितलं म्हणून."

चंदनाने पदराने तोंड पुसलं, डॉक्टरांकडे वळून पुण्याचा पत्ता विचारला आणि तो पाठ होईपर्यंत दोनदा म्हणून घेतला.

पुण्याच्या चाचणीत जागा मिळाली, पण आठ महिन्यांनंतरची. तोवर दर पंधरा दिवसांनी मिरजेला ऋजूचं रक्त यंत्रातून धुवून काढायचं, म्हणजे एलडीएल निदान निम्म्यावर राहील. आणि दुसरी एक काळजी. वाहक म्हणून वापरतात त्या विषाणूचे भाऊबंद साध्या सर्दीच्या सोबतीने हवेतही हिंडत असतात. त्यातला एखादा आधीच अंगात शिरला, तर शरीर ती ओळख धरून बसतं आणि इंजेक्शन घेण्याआधीच वाया जातं. म्हणून आठ महिने सर्दी होऊ द्यायची नाही. शाळा बंद. लग्नकार्य बंद. दर महिन्याला रक्त तपासायचं, ते अजून कोरं, म्हणजे त्या विषाणूच्या ओळखीविना आहे का.

हे सगळं मला शेजारणीकडून कळायचं. मी पडले नोकरीवाचून, जयसिंगपुरातल्याच माझ्या वेगळ्या घरी बसून. रोज सकाळी उठले की पहिला विचार यायचा, आज ऋजू शिंकली तर नसेल? पावसाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. गल्लीत कुणी खोकलं तरी मी खिडकी लावायची, जशी काही ती माझ्याच घरात निजली होती. घरातली सगळी भांडी मी तीन-तीनदा घासली. अजितच्या घरावरून जायचं टाळायला बाजाराला लांबून जायची, आणि तरी कोपऱ्यावरून त्यांच्या गॅलरीत कपडे कोणते वाळताहेत ते बघायची. ऋजूचा फ्रॉक दिसला की बरं वाटायचं.

शेवटच्या महिन्यात एका सकाळी फोन वाजला. चंदना.

"अक्का, लगोलग या. हे इचलकरंजीला गेल्यात, दुपारी येतील."

"काय झालं? सर्दी?"

"न्हाई. शेवटची तपासणी हाय. घरी येऊन रक्त घेणारा पोरगा चार वेळा टोचून गेला, त्याला शीरच घावंना. धुऊन धुऊन हातांची चाळण झालीया. दुसऱ्याला बोलावलं तर त्यालाच सर्दी. आज नमुना गेला न्हाई तर जागा दुसऱ्याला देणार म्हणत्यात." ती थांबली. "माझा राग गेलेला न्हाई. पण तुमच्याबिगर कुणाला बोलावू?"

मी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, तोंडाला दुहेरी पट्टी बांधून गेले. ऋजू पलंगावर बसली होती. उंच झाली होती. कोपराच्या आतल्या बाजूला निळ्या-काळ्या खुणाच खुणा.

"आत्ती, तू का येत नव्हतीस?"

"तुझे बाबा रागावलेत माझ्यावर."

"मग सॉरी म्हण की."

"म्हटलं गं. कधी कधी तेवढं पुरत नाही."

तिने थोडा विचार केला आणि उजवा हात पुढे केला. मी मनगटापासून चाचपत वर गेले. नेहमीच्या शिरा कडक झाल्या होत्या. अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक शीर मऊ लागली. गरम पाण्याच्या फडक्याने हात शेकला, श्वास रोखला आणि सुई घातली. नळीत रक्त चढलं. ऋजूने हूं की चूं केलं नाही. माझ्याच कपाळाला घाम आला होता.

नळी भरली तशी मी सवयीने लेबलासाठी हात लांबवला. चंदनाने ते आधीच उचललं होतं. तिच्या हातात पेनही होतं.

"नाव मी लिहिणार," ती म्हणाली.

सुई आत गेल्यापासून तिने त्या नळीवरची नजर काढली नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं. तिने सावकाश लिहिलं, ऋजुता अजित मगदूम. खाली तारीख, खाली वेळ. ते मोठ्याने वाचून दाखवलं, लेबल नळीवर चिकटवलं, नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन बसली. मला वाईट वाटलं का? वाटलं. एकोणीस वर्षांत माझ्यासमोर असं कुणी केलं नव्हतं. पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. मी हातमोजे काढले आणि चहासुद्धा न घेता परत आले.

मग तीन दिवस. त्यांचं वर्णन करत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता फोन आला.

"अक्का, अहवाल आला. कोरं हाय रक्त. सोळा तारखेला पुण्याला बोलावलंय."

मी रडायला लागले. दाराशी भाजीवाली उभी होती तिच्यादेखत.

"रडू नका," चंदना म्हणाली. "आदल्या दिशी घरातनं आणखी एक नमुना न्यायचा हाय. पंधराला सकाळी या."

"अजित असेल ना घरात?"

"असतील की. मी सांगितलंय त्यांना, शीर तुम्हीच शोधायची." ती क्षणभर थांबली. "आणि नाव मीच लिहिणार."

"तूच लिही," मी म्हणाले.